मदत हवी आहे: जबड्याच्या सांध्यामुळे रोज डोकं दुखू शकतं का? (नाशिक)

रानजाई
नमस्कार मंडळी,

वय ३८. इंदिरानगरला राहते, सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेली डोकेदुखी अजून पाठ सोडत नाहीये. सकाळी उठल्या उठल्याच दोन्ही कानशिलं जड आणि दुखरी असतात. दहा-अकरापर्यंत जरा उतरतं, पण जीएसटी रिटर्न भरायचे दिवस आले की संध्याकाळी परत चढतं. मळमळ नाही, उजेडाचा त्रास नाही.

डोळे तपासून झाले, नंबर तोच आहे. कान-नाक-घसावाल्यांनी सायनस नाही म्हणून सांगितलं. न्यूरोलॉजिस्टनी सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. 'टेन्शनची डोकेदुखी' म्हणाले. सासूबाईंच्या मते पित्त, शेजारच्या काकूंच्या मते दृष्ट. मीठमोहऱ्याही ओवाळून झाल्या.

मग परवा दाढेत सिमेंट भरायला गेले. डेंटिस्टनी तोंड मोठं उघडायला सांगितलं तर उजव्या कानापुढे 'टक्' असा आवाज झाला. तो त्यांनाही ऐकू आला. आरसा हातात देऊन त्यांनी दाखवलं: मागच्या दाढा झिजून सपाट झाल्यात, गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत पांढरी कड आली आहे, जिभेच्या कडेला दातांचे ठसे आहेत. म्हणाले, तुम्ही झोपेत दात खाता. घरी येऊन नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "हो, रात्री करकर ऐकू येतं, मला वाटायचं माळ्यावर उंदीर झालेत."

इथवर पटलं. पण पुढे ते म्हणाले की वरच्या-खालच्या दातांची बैठक चुकलीय, डोकेदुखीचं मूळ तेच. चार दाढा घासून कॅप बसवायच्या, नाहीतर ब्रेसेस. खर्चाचा आकडा ऐकून डोकं आणखी दुखायला लागलं. न्यूरोलॉजिस्टना फोन केला तर ते म्हणतात, जबड्याचा आणि डोकेदुखीचा काय संबंध!

माहितगारांनी सांगावं: असा संबंध खरंच असतो का? दाढा घासू द्याव्यात का? आणि नाशिकमध्ये हे दाखवायचं तरी कोणाला?

दंतकथा
रानजाई ताई, मी दंतवैद्य आहे, पण नाशिकचा नाही, त्यामुळे कोणाची भलामण करण्याचा प्रश्न नाही.

आधी दाढांचं. दाढा आत्ता घासू देऊ नका. घासलेला दात परत उगवत नाही. दातांची बैठक चुकल्यामुळे जबडा दुखतो ही समजूत जुनी आहे आणि तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात भर आहे तो जबड्याचे व्यायाम, स्नायूंवर हाताने केलेले उपचार आणि ताण हाताळण्याचं समुपदेशन यांच्यावर. जे केल्यावर मागे फिरता येत नाही, ते सुरुवातीला करायचं नाही, एवढं धरून चाला.

आता संबंध. असतो. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, जे हलतं ते सांध्याचं टोक. आत कूर्चेची एक चकती असते, ती जागची थोडी सरकली की 'टक्' वाजतं. पण बिनदुखता आवाज पुष्कळांना असतो आणि त्यावर काही करावं लागत नाही. तुमच्या डोक्याशी जास्त संबंध स्नायूंचा. दात आवळून कानशिलावर बोटं ठेवा. जो स्नायू टरारून वर येतो तो पंख्यासारखा पसरून खाली जबड्याच्या हाडाला जोडलेला असतो. रात्रभर नाहीतर दिवसभर तो आवळला गेला तर दुखणार कुठे? कानशिलातच. शिवाय जबडा, दात, चेहरा आणि मेंदूवरचं आवरण यांच्या वेदना एकाच मोठ्या नसेवाटे वर जातात, आणि मानेच्या वरच्या भागातल्या नसाही आत त्याच केंद्राशी येऊन मिळतात. म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. अकाउंट्सवाल्यांना हे समजावून सांगावं लागू नये! डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही जबड्याच्या विकारामुळे होणारी डोकेदुखी स्वतंत्र नोंदलेली आहे, हे तुमच्या न्यूरोलॉजिस्टना जरूर सांगा.

मात्र जबडा वाजतो आणि डोकं दुखतं, एवढ्यावरून दोन्ही जोडता येत नाहीत. कानशिलाचा आणि गालाचा स्नायू दाबल्यावर, किंवा तोंड पूर्ण उघडल्यावर, जबडा बाजूला सरकवल्यावर 'तेच, नेहमीचं' डोकं दुखतं का, ही खरी कसोटी. चावण्याने वाढतं का तेही बघा. आणि तोंड किती उघडतं? स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत.

निफाडकर
मलाही होतं हे. रात्री दातांवर बसवायचा माझा गार्ड साडेतीन हजाराचा, उशाखाली झोपतो. तोंडात घातला की लाळ गळते. डॉक्टर, खरंच उपयोग असतो का त्याचा?

मला फरक पडला तो दिवसा. मी ट्रॅक्टर चालवताना, फवारणी करताना, व्यापाऱ्याशी द्राक्षाचा भाव बोलताना दात आवळून बसायचो, हे फिजिओने लक्षात आणून दिलं. मोबाईलवर दर तासाला घंटी लावली. वाजली की बघायचं, दात टेकलेत का. सुरुवातीला दरवेळी टेकलेले सापडायचे. त्यात हुरडा, ऊस, भडंग काही दिवस बंद. मिसळ चालते, पाव रश्श्यात नीट भिजवून घ्यायचा.

अवांतर: त्या व्यापाऱ्याने अजून पैसे दिले नाहीत.

दंतकथा
निफाडकर, गार्डने दात झिजायचे वाचतात, तेवढ्यासाठी तो चांगला. दुखणं कमी होण्याबाबत पुरावा कच्चा आहे. ज्यांना बरं वाटतं त्यांनी वापरावा, पण ऑनलाइन मागवलेला, पाण्यात उकळून चावायचा मऊ गार्ड नको, काहीजण तो चघळत बसतात.

घंटीची युक्ती झकास. जेवताना, गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात टेकायचं कारणच नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकी लावलेली, ही जबड्याची विश्रांतीची बैठक.

मावशीबोलते
एक भर घालते. धागाकर्तीचं वय कमी आहे, तिने घाबरू नये, पण इतर वाचणाऱ्यांसाठी. पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखायला लागलं, घास चावता चावता जबडा दमून दुखायला लागला, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखली, तर दातांच्या डॉक्टरकडे चकरा मारत बसू नका. माझ्या आत्याला हेच झालं होतं. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज होती. ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) बघून त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं. उशीर झाला असता तर दृष्टी गेली असती असं डॉक्टर म्हणाले.

आणि रानजाई, गोळ्या कोणत्या आणि किती घेतेस गं?

रानजाई
सगळ्यांचे आभार. दाबून बघितलं. उजव्या कानशिलावर एका जागी बोट टेकवलं आणि अगदी तेच दुखणं उमटलं, नवऱ्यासमोर ओरडलेच. तीन बोटं कशीबशी जातात. काल ऑफिसमध्ये टॅली उघडलं आणि दात टेकलेले! स्कूटरवर द्वारका सर्कलच्या सिग्नललाही तेच.

मावशी, न्यूरोलॉजिस्टची गोळी संपल्यावर मेडिकलमधून पॅरासिटामॉल-कॅफीनवाली आणते. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी होते.

दंतकथा
मग तो दुसरा गुन्हेगार. कॅफीन घातलेली मिश्र गोळी महिन्यातून १० किंवा त्याहून जास्त दिवस, अशी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतली तर गोळीनेच डोकं दुखायला लागतं. साध्या पॅरासिटामॉलसाठी हीच मर्यादा १५ दिवसांची. न्यूरोलॉजिस्टना हा आकडा स्पष्ट सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने कमी करा. थांबवल्यावर काही दिवस डोकं जास्त दुखतं, तेव्हा डगमगू नका.

दाखवायचं असेल तर 'ओरल मेडिसिन' किंवा 'मॅक्सिलोफेशियल' मध्ये एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेले बघा, आणि जबड्याचं काम केलेला फिजिओ. पंचवटीत हिरे डेंटल कॉलेज आहे, तिथल्या ओरल मेडिसिन विभागापासून सुरुवात करता येईल. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्सरेत दात आणि हाडंच दिसतात, चकती बघायला एमआरआय लागतो, पण तुमच्या लक्षणांवरून तो लगेच लागेल असं वाटत नाही. तोवर दोन्ही गालांवर कोमट शेक, जांभई देताना हनुवटीखाली मूठ. अचानक भयंकर डोकं दुखलं, ताप आला, दोन-दोन दिसायला लागलं, हात-पाय लुळा पडला, तर हा धागा विसरून थेट हॉस्पिटल.

रानजाई
कॅपवाल्या डेंटिस्टना 'घरी विचारून सांगते' असं कळवलंय. सोमवारी सुट्टी टाकली आहे. पंचवटीत ओपीडीचा केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, आणि दुचाकी लावायला आत जागा असते का? कोणी नुकतंच जाऊन आलं असेल तर सांगा.