इंग्रजीचा उतारा, इंग्रजी कविता आणि आपले खानदेशातले वर्ग : अनुभव लिहा

नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. आमच्याकडची मुलं उतारा घडाघडा वाचतात. पण ‘हा माणूस घरी का परतला?’ असं विचारलं, की ज्या वाक्यात ‘होम’ दिसेल ते जसंच्या तसं उतरवून मोकळी होतात. रसग्रहणाचंही तेच. मुद्दे ठरलेले असतात : शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. गाईडमधली चार वाक्यं पाठ केली, की ती कुठल्याही कवितेला चालतात. गुण मिळतात, पण कविता वाचायची राहूनच जाते.

वर्गात माझा एकच आग्रह असतो. उत्तर काहीही द्या, पण ‘कशावरून?’ म्हटलं की ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. तुमच्याकडे काय करता? जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथे असाल तिथून लिहा. घरी अहिराणी बोलता, लेवा बोली, पावरी की भिली, तेही सांगा. माझ्या मते त्याचा या सगळ्याशी फार जवळचा संबंध आहे.

धडगावकडचा शिक्षक

आमची आश्रमशाळा. बहुतेक मुलांच्या घरी पावरी. मराठी त्यांना शाळेतच भेटते, इंग्रजी त्यानंतर. भुयारी रेल्वेवरचा उतारा दिला की सगळा वर्ग गप्प. मुलं भाषेला अडतात की विषयाला, हेच समजेना. म्हणून स्वतःच उतारे लिहायला लागलो.

एक सारंगखेड्याच्या घोडेबाजारावरचा आहे. दत्तजयंतीची यात्रा. एक माणूस घोडा बघतो, त्याचे दात बघतो, पाय उचलून खूर बघतो, किंमत ऐकतो आणि काही न बोलता चहाच्या टपरीकडे चालायला लागतो. बस, एवढंच, सोप्या इंग्रजीत. खाली प्रश्न : त्याला घोडा आवडला का?

उताऱ्यात ‘आवडला’ असं कुठेच नाही. पण वर्ग नुसता पेटला. एक मुलगा म्हणाला, आवडलाच, नाहीतर खूर कशाला बघेल? मागून एक मुलगी उठली. म्हणाली, त्याला घ्यायचाच आहे, चहाला गेला तो भाव पाडायला. तिसऱ्याचं म्हणणं, पैसे नसतील, किंमत ऐकूनच निघाला ना तो. तिघांनीही आपापली ओळ दाखवली. अनुमान म्हणजे काय, हे त्या दिवशी वेगळं शिकवावं लागलं नाही. त्यानंतर तीच मुलं भुयारी रेल्वेच्या उताऱ्यालाही भिडली. अडखळत, पण भिडली.

पारोळ्याची आई

मी सातवी शिकलेली. मुलगी दहावीला आहे. संध्याकाळी मी कळण्याच्या भाकरी थापते, तेव्हा ती ओट्याजवळ बसून इंग्रजीचा धडा वाचते आणि मला अहिराणीत सांगते. इंग्रजी मला येत नाही, पण गोष्ट मध्येच तुटली की बरोबर कळतं. मी विचारते, ‘मंग तो परत कसाले उना?’ (मग तो परत कशाला आला?) मग ती पुन्हा पान उघडते. कधी एखादा लहानसा शब्द सुटलेला असतो, कधी दोन माणसं एकच समजून ती पुढे गेलेली असते. तिच्या बाईंना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे रोज करा. ज्या आयांना वाटतं आपल्याला काय येतं, त्यांच्यासाठी लिहिलं.

धुळ्याची विद्यार्थिनी, कला शाखा

वडील यंत्रमागावर आहेत. बारावीला सरोजिनी नायडूंची विणकरांवरची कविता होती, १९०५च्या संग्रहातली. गाईडमध्ये उत्तर तयार होतं : पहाट म्हणजे जन्म, संध्याकाळ म्हणजे लग्न, चांदणी रात्र म्हणजे मृत्यू. ते बरोबरच आहे. पण आमच्या सरांनी गाईड बंद करायला लावलं आणि म्हणाले, तिन्ही कडव्यांच्या पहिल्या ओळी एकाखाली एक लिहा.

लिहिल्या. पहिल्या दोन ओळींत विणकर कधी विणताहेत ते सांगितलंय, दिवस उजाडताना आणि रात्र पडताना. तिसऱ्या ओळीत वेळ नाहीच. तिथे आहे ते विणकर कसे दिसताहेत : गंभीर, निश्चल. चांदणं येतं ते त्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत. म्हणजे कवयित्रीने माणसांकडे पाहिलं ते थेट कफन विणताना. त्याआधी सगळी नजर कापडावर, खंड्याच्या पंखासारख्या निळ्यावर आणि मोरपिसाच्या जांभळ्या-हिरव्यावर. आणखी एक. प्रश्न विचारणारा दरवेळी कोणीतरी दुसराच आहे. विणकर ‘आम्ही’ म्हणून उत्तर देतात, पण फक्त कापड कोणाचं ते सांगतात. दमलो, किती मिळतं, यातलं काहीच नाही.

घरी ही कविता वडिलांना मराठीत सांगितली. ते म्हणाले, मागावर असताना कोण विचारतं का विणतोस म्हणून! मी ते रसग्रहणात ‘तुमचं मत’ या मुद्द्याखाली लिहिलं. अलंकार आधी शोधून मग कविता वाचायची, हा क्रमच मला आता उलटा वाटतो.

अभ्यासिकेतला, जळगाव

धडगावच्या सरांशी अर्धाच सहमत. आम्ही राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरची, सी-सॅटची तयारी करतो. ८० प्रश्न, त्यातले ५० उताऱ्यांवरचे. ३३ टक्क्यांची पात्रता आहे, तरी पोरं त्यातच लटकतात. आणि ओळखीचा विषय आला की जास्त. सरावाला कापसाच्या बोंडअळीवरचा उतारा होता. त्यात फक्त कामगंध सापळ्यांचं सांगितलेलं. पर्यायांत होतं, ‘हंगामपूर्व लागवड टाळावी.’ शेतकऱ्याच्या पोरांनी पटापट तोच निवडला. गोष्ट खरीच आहे, शेतात आम्ही तेच करतो. पण उताऱ्यात ती नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात ते वेगळंच.

धडगावकडचा शिक्षक

मुद्दा मान्य. ओळखीचा विषय दार उघडण्यापुरता, मुक्काम करायला नाही. घोड्यांच्या उताऱ्यातही एकाने भाव ७० हजार सांगितला, कारण यात्रेत त्याने तेवढा ऐकला होता. उताऱ्यात आकडाच नव्हता. वर्गानेच त्याला विचारलं, कुठल्या ओळीत?

चाळीसगाव, निवृत्त

ओळीओळीचं मराठी करून फळ्यावर देऊ नका, एवढीच कळकळीची विनंती. मूल मग इंग्रजी वाचतच नाही, तुमचं मराठी वाचतं. अहिराणीत गोष्ट सांगणं निराळं, ते वाचून झाल्यावर आहे. पारोळ्याच्या ताई करतात तेच बरोबर.

धागाकर्ती

धुळ्याच्या ताई, तुमची तीन ओळींची रीत उद्या दहावीच्या वर्गात करून बघते. अभ्यासिकेतल्या दादांचं वाचून एक सुचलं. उताऱ्याखाली तीन विधानं द्यायची : एक उताऱ्यात लिहिलेलं, एक लिहिलेलं नाही पण उताऱ्यावरून निघणारं आणि एक बाहेर खरं असलेलं पण उताऱ्यात नसलेलं. मुलांनी ती वेगळी करायची. धडगावचे सर, घोडेबाजाराचा उतारा इथे टाकाल का? विधानं मी तयार करते. केळीच्या बागेवर कोणी लिहून देणार असेल तर रावेर-यावलवाल्यांनी हात वर करा. सात-आठ वाक्यं पुरेत, आणि शेवटी काय झालं ते उघड सांगू नका.