धनगरी ढोलाला चामड्याचं पान चढवून देणारं कोण हाय का?

आमच्या गजनृत्याच्या ढोलाचं एका बाजूचं पान फाटलंय, लाकडी खोड एकदम भक्कम हाय त्यामुळं नवीन ढोल नकोय. कोल्हापुरात दुकानात विचारलं तर सगळे फायबरचंच पान दाखवतात, ते बसवून वाजवून पण बघितलं पण आवाज नुसता कडक येतो, घुमत नाही, आणि त्या घुमण्यावरच तर पावलं पडतात ओ. मिरजेतबी चौकशी केली, तिथं सतार-तंबोऱ्याचं काम चालतं. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेव यात्रा हाय, त्याच्या आधी पाहिजे. गडहिंग्लज, निपाणी, सांगलीपर्यंत ढोल घेऊन येतो, पैशाचं काय ते कारागिरानं सांगावं. बकऱ्याचं कातडं हातानं चढवणारं कोण माहितीय का, आणि पावसाळी हवेत चढवलं तर नंतर सैल पडतं का?