सॉफ्ट पेस्टलवर पाणी/अल्कोहोल फिरवलं की खालचा थरच सुटून येतोय, काय चुकतंय?

सांजरंग

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलाय पण जरा निवांत वाचा प्लीज.

दोन वर्षं झाली सॉफ्ट पेस्टल करतेय, आतापर्यंत सगळं कोरडंच, बोटाने नाहीतर स्पंजच्या तुकड्याने मिसळायचं. पण बोटाने घासत गेलं की आकाश गुळगुळीत होतं आणि त्यातला जीवच जातो, आणि मला तर संध्याकाळच्या ढगांत खालचा केशरी वरच्या जांभळ्यातून डोकावताना हवाय. म्हणून ठरवलं की पहिला थर खडूने द्यायचा, त्यावर ओला ब्रश फिरवून वॉश (पातळ ओला थर) करायचा आणि तो वाळला की वरून कोरडं काम. दोनदा केलं, दोन्ही वेळा फसलं, आणि दोन्ही वेळा वेगळ्याच तऱ्हेने फसलं म्हणून जास्त गोंधळलेय.

पहिल्यांदा हाताला मखमलीसारखा लागणारा तयार पेस्टल पेपर घेतला, केशरी आणि गुलाबी खडू आडवा धरून फिरवला आणि साधं पाणी लावलं. पहिला हात इतका सुंदर गेला की काय सांगू, केशरी आपणहून गुलाबीत उतरत होता. दुसरा हात मारला तर ब्रशखाली काहीतरी रवाळ लागलं, बघते तर कागदावरचा थरच निघून ब्रशच्या केसांत अडकलाय आणि खाली पांढरं टक्कल, आधी नखाएवढं, मग पुसायला गेले तसं तळहाताएवढं.

मग एकीने सांगितलं पाणी नको, अल्कोहोल घे, कागद फुगत नाही. दुसऱ्या वेळी जाड वॉटरकलर कागदावर घरीच ग्राउंड (खडूला पकड देणारा खरखरीत लेप) बनवलं, ॲक्रिलिक जेसोत, म्हणजे पांढऱ्या अस्तरात, प्युमिस पावडर घालून, रात्री दोन हात दिले आणि सकाळी कामाला बसले. ९९ टक्केवालं आयसोप्रोपाइल होतं. निळा नीट पसरेना म्हणून जोर लावून घासला तर ग्राउंड चिकट व्हायला लागलं, बोट टेकवलं की गुळाच्या पाकासारखं ओढलं जायचं, आणि जेसोचा पांढरा निळ्यात कालवून सगळं राखाडी.

तर पाणी वापरू की अल्कोहोल की तिसरंच काही? हात चुकतोय की सामान? आणि अजून एक, ओलं असताना तो रंग इतका खोल दिसत होता, वाळल्यावर फिका का पडतो? तो ओला रंग तसाच धरून ठेवता येतो का?

करडाकागद

ताई, हात तुमचा ठीक आहे. दोन्ही वेळा द्रव आणि पृष्ठभाग यांची जोडी जमली नाही, एवढंच झालंय. आपण सगळे "कुठलं लिक्विड चांगलं" हेच विचारत बसतो आणि ते ज्याच्यावर ओतणार त्या कागदाचा विचारच करत नाही.

मखमली लागणाऱ्या काही कागदांवर वनस्पतीच्या तंतूंचा बारीक भुगा चिकटवलेला असतो. कोरड्या खडूला तो फार छान पकडतो पण पाणी लागलं की तो भुगा सुटतो, एक थेंब पडला तरी तिथे डाग राहतो. अशा कागदावर शिंकतानासुद्धा तोंड फिरवायचं. तो कोरड्या कामालाच ठेवा, वाईट नाहीये तो.

घरच्या ग्राउंडचं कारण वेगळं आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. ॲक्रिलिक पाण्याने सुटत नाही एकदा वाळलं की, पण अल्कोहोलने ते मऊ पडतं. ब्रशवर वाळलेलं ॲक्रिलिक काढायला लोक अल्कोहोलच वापरतात ना, तेच इथे झालं. त्यात तुमचं ग्राउंड एका रात्रीचं होतं, हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला काही दिवस जातात, आणि वरून ९९ टक्के आणि जोराचं घासणं. म्हणजे घरच्या जेसोवर पाणी आणि त्या मखमली कागदावर काहीच नाही, असं केलं असतं तर दोन्ही चित्रं वाचली असती.

मी काय वापरतो ते सांगतो. यूआर्ट कंपनीचा सँडेड (सँडपेपरसारखा खरखरीत) कागद, ४०० नंबरचा. २४० पासून ८०० पर्यंत येतात, नंबर वाढेल तसा कागद गुळगुळीत, ४०० वर टूथ (खडू धरणारा खरखरीतपणा) पुरेसा राहतो आणि खडूही फार खात नाही. त्याच्यावर पाणी, अल्कोहोल, बिनवासाचं मिनरल स्पिरिट (तैलरंग पातळ करायचं द्रावण) तिन्ही चालतं. फक्त सुटा कागद पाण्याने गुंडाळला जातो, बोर्डावर चिकटवलेला असेल तर त्रास नाही. पेस्टलमॅट नावाचा पेस्टलचा कागदही जाड, ३६० जीएसएमचा आहे, त्याच्यावर पाण्याचा वॉश मी बिनधास्त करतो.

आणि एक राहिलं, अल्कोहोल लवकर पेटतं. खिडकी उघडी ठेवा, जवळ मेणबत्ती, उदबत्ती काही नको. हातात ग्लोव्हज घाला, काही खडूंत कॅडमियम, कोबाल्ट असतं आणि ओल्या रंगात बोटं बुडवत बसणं बरं नाही.

जुनाकुंचला

करडाकागद यांनी मुद्द्याचं सांगितलंय. सांजरंग, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं मी बघते, कारण त्या ओल्या रंगापायी मीही बरेच कागद घालवलेत.

अगं सॉफ्ट पेस्टलमध्ये असतं काय, रंगद्रव्य, त्यात खडूची भुकटी किंवा माती आणि अगदी नावापुरता डिंक. डिंक इतका कमी असल्यामुळेच तो मऊ आणि भुरभुरीत. त्या कणांच्या मधे सगळी हवा असते आणि उजेड तिथे इकडेतिकडे विखुरतो, म्हणून पेस्टल असं उजळ, पिठूळ दिसतं. पाणी गेलं की हवेची जागा पाणी घेतं, उजेड कमी विखुरतो, आत खोल जातो आणि रंग गडद. पाणी उडालं की हवा परत येते. ओली माती आणि वाळलेली माती बघ, तेच आहे. फिक्सेटिव्हचा (भुकटी झडू नये म्हणून मारतात त्या द्रावणाचा) जाड फवारा मारला की चित्र काळवंडतं तेही ह्याच कारणाने. त्यामुळे तो ओला रंग धरून ठेवायचा नाद सोड, त्याच्याऐवजी सुरुवातच एक-दोन पायऱ्या गडद खडूने कर. आणि अंडरपेंटिंगला, म्हणजे खालच्या पहिल्या थराला, फिके खडू घेऊच नकोस. फिक्या खडूत पांढरा भरपूर असतो, त्याचा वॉश ताकासारखा होतो आणि सगळ्यावर साय धरते.

आता निळा पसरेना म्हणतेस, तो थॅलो निळा (गडद, तीव्र कृत्रिम निळा) होता का? तसं असेल तर घासून उपयोग नाही. थॅलो आणि अजून काही सेंद्रिय रंगद्रव्यं पाण्याला जवळच करत नाहीत, पाण्याचा थेंब त्या भुकटीवर मण्यासारखा गोल बसतो आणि भुकटी वर तरंगते. अल्ट्रामरीन, गेरू, पिवळी माती ह्यांचं तसं नाही, ते पाणी लगेच पितात. थॅलोसाठी ७० टक्केवालं अल्कोहोल घे, त्यातला ३० टक्के भाग पाणीच असतो, भुकटी भिजते आणि तुला पसरवायला वेळही मिळतो. ९९ टक्के इतक्या भर्रकन उडतं की ब्रश अर्ध्यात कोरडा पडतो, मग आपण जोर लावतो. पण थॅलो एकदा अल्कोहोलने भिजला की शेजारच्या कुठल्याही रंगाला सोडत नाही, म्हणून तो अगदी थोडा आणि सगळ्यात शेवटी.

ब्रश चपटा, राठ केसांचा, स्वस्तातला. सँडेड कागद केस खातो, चांगला ब्रश त्याच्यावर नेऊ नये. उजळ रंगापासून सुरू करायचं, प्रत्येक रंगानंतर ब्रश फडक्यावर पुसायचा, गडद शेवटी. आणि एका जागी फार तर दोनदा ब्रश, तिसऱ्यांदा नाही.

निळाई

दोघांचं पटतंय, पण मला वाटतं तुम्ही सगळे द्रव म्हणजे मिसळायचं साधन असंच धरून चाललाय, आणि माझ्यासाठी ते तसं नाहीये. मिसळायला बोट आहेच की. मला द्रव लागतो तो जे हाताने होत नाही ते व्हावं म्हणून. बोर्ड उभा ठेवते, गडद खडूची पट्टी वरच्या कडेला जाड घासते आणि भरपूर पाणी भरलेला ब्रश तिला नुसता टेकवते, फिरवत नाही. पाणी कणांना घेऊन खाली उतरतं, मधे कुठे कागदाच्या दाण्याला अडतं, तिथे फाटा फुटतो, खाली टोकाला कण साठून गडद ठिपका. झाडांचं दाट खोड, लव्हाळं, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं त्यातून मिळतं आणि ते मी ठरवून काढलं असतं तर इतकं खरं कधीच झालं नसतं. अल्कोहोलने हे होत नाही, ओघळ अर्ध्यातच वाळतो.

आणि द्रव फक्त पहिल्याच थराला, हा नियम मला नाही पटत. फ्रेंच चित्रकार एदगार देगा (१८३४–१९१७) पेस्टलच्या थरावर वाफ सोडायचे, त्याचा लगदा व्हायचा आणि तो ताठ ब्रशने पसरवायचे, वर परत कोरडे फटकारे. थरांच्या मधे फिक्सेटिव्हही मारायचे. म्हणजे ओलं-कोरडं-ओलं-कोरडं असं त्यांचं चालायचं. मीही शेवटी शेवटी खडूचं टोक पाण्यात बुडवून दोन-चार ठिकाणी दाबते, रंग पेस्टसारखा जाड बसतो, ढगाच्या उजळ कडेला फार छान दिसतं. फक्त तो खडू नंतर वाळू द्यावा लागतो आणि टोकाला कडक पापुद्रा येतो, तो खरवडायचा.

करडाकागद

निळाई, खडूचं टोक बुडवणं मान्य, ते जागच्या जागी असतं. पण चित्र भरत आल्यावर मधल्या थरावर वॉश फिरवायला नवशिक्याला मी तरी सांगणार नाही. वर साठलेली सगळी भुकटी पाण्याबरोबर टूथच्या खळग्यांत जाऊन बसते, कागद बुजतो, आणि नंतरचा खडू बर्फावरून घसरल्यासारखा घसरतो, रंग सोडतच नाही. देगांचा हात वेगळा आणि ते मधे फिक्सेटिव्हने परत पकड आणायचे, तू स्वतःच लिहिलंयस. ओघळांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत, ते मी करून बघणार.

पाऊलखूण

मधेच विचारते, माझ्याकडे ऑइल पेस्टल आहेत, त्याला हेच चालेल का?

जुनाकुंचला

नाही गं, ते प्रकरणच वेगळं, त्यात मेण आणि तेल असतं, पाण्याला ते दाद देत नाहीत. त्याला टर्पेंटाइन किंवा मिनरल स्पिरिट लागतं. वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर लिहिते.

सांजरंग

सगळ्यांचे मनापासून आभार, काय काय सांगितलंत तुम्ही! हो जुनाकुंचला ताई, निळा थॅलोच होता. उरलेल्या खडूचा चुरा बशीत पाडून त्याच्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तुम्ही म्हणालात तस्सा मणी झाला, बशी तिरकी केली तर निळी धूळ अंगाला लावून तो मणी इकडून तिकडे घरंगळत होता. मग अल्कोहोलचा थेंब सोडला तर झटकन बसला आणि पसरला. दहा मिनिटं तेच करत बसले होते.

काल सँडेड कागदाचे तुकडे बोर्डावर चिकटवून पट्ट्या केल्या. केशरी, गेरू, अल्ट्रामरीन आणि थॅलो, प्रत्येकावर एकात पाणी, एकात ७० टक्के, एकात मिनरल स्पिरिट. पाण्याची पट्टी मला सगळ्यात आवडली, अल्ट्रामरीनचे कण दाण्यादाण्यांत बसलेत, वॉटरकलरमध्ये दिसतात तसे, आणि वाळल्यावर बोट फिरवलं तर फारसं निघालंही नाही. अल्कोहोलची पट्टी सपाट, एकसारखी. स्पिरिटची वाळायला फार वेळ लागला आणि वासाने डोकं चढलं, बिनवासाचं लिहिलं होतं तरी, त्यामुळे ते माझ्या खोलीत नको.

मग मोठा कागद घेऊन केशरी आणि गेरूचा वॉश पाण्याने केला, पूर्ण वाळू दिला, हात अगदी आवरून धरला, एका जागी दोनदाच ब्रश. आज सकाळी त्याच्यावर जांभळा खडू आडवा धरून नुसता ओढला, दाबला नाही. टूथ अजून शिल्लक होता त्यामुळे जांभळा फक्त उंचवट्यांवर बसला आणि मधल्या खळग्यांतून केशरी दिसतोय. तोच, मला हवा होता तोच. बोट लावायचा मोह झाला होता, हात मागे बांधून उभी राहिले.

एकच अडचण आहे, क्षितिजाजवळ केशरी जास्तच पेटलाय, जांभळा कितीही दिला तरी खालून मारतोय. तिथे परत पाणी लावून थोडा उचलू का?

जुनाकुंचला

पाणी नको, खाली गेरू-केशरी दोन्ही आहेत, परत हलले तर जांभळ्यात कालवतील आणि तपकिरी होईल. कोरडा राठ ब्रश घे, बोर्ड उभा ठेव म्हणजे धूळ खाली पडेल, तिथला जांभळा हलकेच झटकून काढ. मग जांभळ्याच्या आधी एक राखाडीकडे झुकणारा निळा, केशरीएवढाच उजळ, गडद नको, पातळ फिरव आणि मग जांभळा. केशरी तिथेच राहील पण ओरडणार नाही. झालं की फोटो टाक, क्षितिजाचा जवळून.