ड्रेप नाही, फ्रिज बेभरवशाचा, मोठं रुग्णालय दोन तासांवर: बाळंतिणीचा रक्तस्राव वेळेत कसा पकडायचा?

रातपाळी_सुईण

नमस्कार. छोट्या प्रसूतिकेंद्रासाठी विचारते आहे. पाळीला दोन सुईणी, डॉक्टर फोनवर, आणि शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेलं रुग्णालय गाडीने दोन तास. इंजेक्शन, नाळ, वार हे सगळं ठरल्याप्रमाणे होतं, पण रक्त किती गेलं ते अजून डोळ्यांनीच ठरवलं जातं. नोंदवहीत बहुतेकींपुढे २०० किंवा २५० मिली. इतके सारखे आकडे खरे असूच शकत नाहीत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मापाच्या खुणा असलेले ड्रेप (बाळंतिणीखाली लावायचं, रक्त गोळा करणारं प्लास्टिक) मिळेपर्यंत काय वापरावं? वीज चार-सहा तास जाते, तर ऑक्सिटोसिनचं (गर्भाशय आवळणारं इंजेक्शन) काय करावं? आणि तिसरी मला सगळ्यात जास्त सलते. ज्यांची भाषा आम्हाला येत नाही, ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्या व्हीलचेअरवर येतात, त्यांचा रक्तस्राव इतरांपेक्षा उशिरा लक्षात येतो. तपासणीचा तक्ता सगळ्यांना एकच असताना असं का होतं?

---

वार_आणि_नाळ

ताई, पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

डोळ्यांचा अंदाज चुकतो तो जवळजवळ नेहमी कमीच्या बाजूला, आणि रक्त जितकं जास्त तितकी चूक मोठी. गादी शोषून घेते, रक्ताच्या गाठी पातेल्यात जातात, चादर गुंडाळून बाजूला टाकली जाते. ई-मोटिव्ह चाचणी (२०२३, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं) या बाबतीत डोळे उघडणारी आहे. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्यांपैकी जेमतेम ५१ टक्के बायका ओळखल्या गेल्या. मापाचा ड्रेप आणि सगळे उपचार एकदम, असं जिथे केलं तिथे ९३ टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. औषधं तीच जुनी होती.

ड्रेप नसेल तर जाड पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी घ्या. तिचं तोंड कमरेखालच्या प्लास्टिक शीटला चिकटपट्टीने जोडा आणि पिशवी खाटेच्या कडेवरून खाली लोंबू द्या. खुणा मात्र ती लोंबत असतानाच करायच्या. मापाच्या जगने ३०० मिली पाणी ओता, न पुसणाऱ्या पेनने रेघ मारा, मग ५०० ला आणि १००० ला. टेबलावर आडवी ठेवून खुणा केल्या तर पिशवी पसरते आणि रेघा खोट्या पडतात. एक नमुना नीट बसला की बाकीच्या पिशव्या त्यावर ठेवून रेघा उतरवा. पाणी फक्त नमुन्यात घालायचं, वापरायच्या पिशव्या कोरड्या आणि स्वच्छ राहू द्यायच्या.

पिशवी लावायची ती बाळ बाहेर आल्यावर, गर्भजल वाहून गेल्यावर. आधी लावली तर पाणी, लघवी, रक्त सगळं एकत्र होतं आणि आकडा कुचकामी ठरतो. एक तास ठेवा. तेव्हाही अंगावरून जात असेल तर आणखी एक तास.

जिने उकिडवं बसून किंवा कुशीवर जन्म दिला, जिचे पाय आखडलेले आहेत, तिथे पिशवी नीट बसत नाही. तिथे वजन करा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा पुरतो (बाळाचा काटा यासाठी नको). पॅड, गॉझ, खालचं कापड यांचं कोरडं वजन लिहून भिंतीवर चिकटवा. भिजलेले चार पॅड ६४० ग्रॅम भरले आणि कोरडा एक ३५ ग्रॅमचा, तर ६४० वजा १४०, म्हणजे ५०० ग्रॅम. रक्ताचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरायचं.

कृती कधी सुरू करायची? ५०० मिली झाले की लगेच. किंवा ३०० मिली झाले आणि सोबत नाडी १०० च्या वर, बीपीचा वरचा आकडा १०० च्या खाली, गर्भाशय मऊ, रक्ताच्या गाठी, किंवा धार थांबत नाही यापैकी काही दिसलं तर तेव्हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शनातही ५०० ची वाट न पाहता ३०० मिली आणि बिघडलेली नाडी किंवा बीपी यावर पावलं उचलायला सांगितलं आहे.

एक सावधगिरी. ड्रेप कोरडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. गर्भाशयात गाठी साचत असतील तर बाहेर थोडंच दिसतं, पण पोटावर हात ठेवला की ते वर चढलेलं आणि लोण्यासारखं लागतं. ते उजवीकडे सरकलं असेल तर आधी मूत्राशय रिकामं करा. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही. खुणेकडे बघायचं आणि हातही ठेवायचा, दर १५ मिनिटांनी, पहिले दोन तास.

---

औषधखोली

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. वीज जाणार असेल तर शीतपेटीत ठेवा, पण फ्रीझरमधून काढलेल्या कडक बर्फाच्या थैलीला अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) टेकवू नका, औषध गोठतं. थैली हलवल्यावर आत पाणी डुचमळायला लागलं की मगच पेटीत घालायची. फ्रिजच्या दारात अँप्यूल ठेवू नयेत, तिथे तापमान सगळ्यात जास्त हलतं. थर्मामीटर मधल्या कप्प्यात, नोंद दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही.

खराब झालेलं ऑक्सिटोसिन दिसायला चांगल्यासारखंच असतं. रंग बदलत नाही, गढूळ होत नाही. म्हणून ‘दोन डोस देऊनही गर्भाशय आवळत नाही’ असं वारंवार घडायला लागलं तर बाईच्या शरीराला दोष देण्याआधी फ्रिजची वही उघडा.

पर्याय असे:

उष्णतेला टिकणारं कार्बेटोसिन १०० मायक्रोग्रॅम. ३० अंशांपर्यंत चालतं, फ्रिज लागत नाही. पण ते रक्तस्राव टाळण्यासाठी आहे. सुरू झालेला थांबवण्यासाठी ऑक्सिटोसिन लागतंच, त्यामुळे फ्रिजची कटकट पूर्ण संपत नाही.

मिसोप्रोस्टॉल, गर्भाशय आवळणाऱ्या गोळ्या. रक्तस्राव टाळण्यासाठी तोंडाने ४०० किंवा ६०० मायक्रोग्रॅम, उपचारासाठी जिभेखाली ८००. शत्रू उष्णतेइतकाच दमटपणा. गोळ्या कापून सुट्या कागदी पाकिटात ठेवल्या की ताकद जाते, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीतच राहू द्या. थंडी वाजून ताप येईल हे बाळंतिणीला आधी सांगा.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, रक्ताची गाठ टिकवून धरणारं औषध. फ्रिज लागत नाही. १ ग्रॅम शिरेतून, १० मिनिटांत हळूहळू, प्रसूतीपासून ३ तासांच्या आत. साधारण प्रत्येक १५ मिनिटांच्या उशिराला फायदा १० टक्क्यांनी घटतो, म्हणून ‘आधी बाकीचं करून बघू’ म्हणत ते मागे ठेवू नका. अर्ध्या तासानंतरही रक्त जात असेल तर आणखी १ ग्रॅम. जिथे कमरेतून भूल दिली जाते तिथे हे अँप्यूल भुलेच्या औषधांपासून वेगळ्या कपाटात हवेत. चुकून मणक्यात गेलं तर जीवघेणं आहे.

एर्गोमेट्रिन (हेही गर्भाशय आवळणारं औषध) बीपी वाढलेल्या बाईला नाही.

पाळीच्या सुरुवातीला दोन अँप्यूल ट्रेमध्ये काढून ठेवले की धावपळ वाचते.

---

वार_आणि_नाळ

शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही. पाळी बारा तासांची, खोली तापलेली, प्रसूती पहाटे. न वापरलेले अँप्यूल परत फ्रिजमध्ये जातात, पुन्हा दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये येतात, आणि कोणता किती वेळ बाहेर होता हे कुणालाच सांगता येत नाही. बाळाचं डोकं दिसायला लागलं की काढा, आणि एकदा बाहेर आलेल्या अँप्यूलवर तारीख-वेळ लिहा.

---

औषधखोली

बरोबर आहे, तसंच करावं. दुसरा अँप्यूल छोट्या थंड डब्यात खाटेजवळ.

---

दुभाषी_सखी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. तक्ता एकच असतो, पण त्यातल्या निम्म्या गोष्टी बाईने सांगायच्या असतात: चक्कर येतेय, घाबरं होतंय, तहान लागलीय, खाली गरम काहीतरी वाहतंय. जिला हे सांगता येत नाही तिच्या बाबतीत तक्ता अर्धाच भरतो आणि आपल्याला तो पूर्ण वाटतो. म्हणून मोजमाप या बायकांसाठी सगळ्यात आधी सुरू करा. पिशवीवरची रेघ भाषा विचारत नाही.

‘ठीक आहे ना?’ हा प्रश्न बंद करा. भाषा न कळणारी बाई मान डोलावते, ते उत्तर नव्हे. चित्रांची पाच-सहा कार्डं करा: गरगरणारं डोकं, भिजलेला पॅड, धडधडणारी छाती, डोकेदुखी, धूसर दिसणं. ती गर्भारपणाच्या तपासणीतच दाखवा, कळा सुरू झाल्यावर कुणी काही शिकत नाही. तिच्याकडून उलट करून घ्या: ‘असं झालं तर मला कसं बोलवाल, दाखवा.’ दुभाषी म्हणून मुलाला किंवा नवऱ्याला उभं करू नका. आधीचा गर्भपात, मारहाण, योनीतली जखम हे त्यांच्यासमोर बोललं जात नाही.

ऐकू न येणाऱ्या बाईच्या बाबतीत तीन बारीक गोष्टी. सलाईनची सुई तिच्या खुणा करायच्या हाताला लावू नका, लावली तर तिची वाचाच बांधली जाते. बाळंतपणानंतर खोलीतला दिवा पूर्ण मालवू नका, अंधारात ती बोलू शकत नाही. आणि मास्कमागून बोलताना तिला ओठ दिसत नाहीत, पाटी-खडू जवळ ठेवा.

मणक्याला इजा झालेल्या बाईचं नेहमीचं बीपीच ९० च्या आसपास असू शकतं. त्यामुळे ‘१०० च्या खाली’ ही खूण तिला जशीच्या तशी लागत नाही. दाखल करतानाच तिची नाडी आणि बीपी लिहा आणि त्याच्याशी तुलना करा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर उलटाही धोका असतो: एकदम बीपी चढणं, ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर घाम, नाडी मंद. हे गर्भारपणातल्या झटक्यांच्या आजारासारखं (एक्लॅम्पशिया) दिसतं. तिला उठवून बसवा आणि लघवीची नळी (कॅथेटर) मुडपलीय का ते आधी बघा. भरलेलं मूत्राशय हे याचं नेहमीचं कारण.

सावळ्या-काळ्या त्वचेवर फिकटपणा चेहऱ्यावर शोधू नका. पापणीची आतली बाजू, जीभ, तळहात बघा.

आणि दारातलं टेबल. ‘आधी कागद, मग तपासणी’ असा क्रम असेल तर खाटेपाशी वाचवलेली दहा मिनिटं तिथेच खर्च होतात. नोंदणी नंतर, नाडी-बीपी आधी.

---

रातपाळी_सुईण

खूप उपयोगी. एकच शंका उरली: रुग्णवाहिका नेमकी कधी बोलवायची? उगाच बोलावली असं ऐकून घ्यावं लागतं.

---

वार_आणि_नाळ

दोन तासांचं अंतर असेल तर कृती सुरू झाली त्याच मिनिटाला. उपचार फसल्यावर नव्हे. थांबला रक्तस्राव तर गाडी परत जाईल, आणि हा नियम केंद्रप्रमुखांच्या सहीने भिंतीवर लावा म्हणजे पाळीतल्या सुईणीला ऐकून घ्यावं लागणार नाही.

दोघीच असाल तर कामं अशी वाटा. एकीचा हात पोटावर: गर्भाशय घट्ट होईपर्यंत चोळायचं, गाठी काढायच्या, मूत्राशय रिकामं करायचं. दुसरी फोन स्पीकरवर लावून शिरेत सुई लावते: ऑक्सिटोसिन १० युनिट २०० ते ५०० मिली सलाईनमधून १० मिनिटांत (एकदम ढकललं तर बीपी कोसळतं), सोबत ट्रॅनेक्सॅमिक, मग २० युनिट १ लिटरमध्ये चार तासांवर. त्यानंतर वार पूर्ण आहे का आणि टाके-फाटणं नीट उजेडात बघा. गर्भाशय दगडासारखं घट्ट आणि तरी धार चालू, म्हणजे फाटलेलं कुठेतरी सुटलंय.

तरीही थांबत नसेल तर एक मूठ योनीत, दुसरा हात पोटावरून, मध्ये गर्भाशय दाबून धरा.

रक्तस्रावासाठीचा निओप्रीनचा (रबरासारख्या कापडाचा) दाबपट्टा असेल तर घोट्यापासून वर बांधत जा, पोटाची पट्टी शेवटी. तो बांधलेला असतानाही खालची तपासणी आणि टाके करता येतात. मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर तो घाईने सोडला जातो आणि बाई तिथेच कोसळते, म्हणून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा: दोन तास स्थिर राहिल्याशिवाय सोडू नये; सोडताना घोट्यापासून, प्रत्येक पट्टीनंतर १५ मिनिटं थांबून; बीपी २० ने उतरलं किंवा नाडी २० ने चढली तर परत बांधावा.

त्याच चिठ्ठीवर प्रसूतीची वेळ, मोजलेले मिली, प्रत्येक औषधाची वेळ आणि रक्तगट. गाडीत एक सुईण, बाईसोबत बाळ, आणि तिची भाषा बोलणारं कुणीतरी.