पोराला ड्रॅगन आत्ताच शिकवावा का?

कृष्णाकाठ: पोरगं बारा वर्षांचं, बुद्धिबळ खेळतं. समोरून ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं) आलं की आजवर कारो-कान, म्हणजे जपून खेळायचा बचाव, खेळायचं, आता सिसिलियन ड्रॅगनच, म्हणजे काळ्याची ती मारामारीची सुरुवात, पाहिजे म्हणून हटून बसलंय. सर म्हणतात, एवढ्यात नको. मी म्हणतो, शिकू दे की. सांगलीकरांनो, बोला.

जुना प्यादा: सरांचं ऐका. पांढऱ्याचं काम सोपं असतं हो: उंट ई३, एफ३, वजीर डी२, लाँग कॅसलिंग (राजा वजिराच्या बाजूला), मग एच४-एच५ आणि उंट एच६. काळ्या राजाची राखण करणारा जी७चा उंट मारामारीत गेला, एच फाइल (उभी रांग) उघडली, की तो राजा उघडा. फिशरनं १९५८ला पोर्तोरोझमध्ये लार्सनला असंच सोलून काढलं. लार्सनची ही गत, तर आपल्या पोरांचं काय?

मिरज जंक्शन: काका, अर्धीच गोष्ट सांगताय. काळ्याचा हत्ती सी फाइलवर येतो आणि थेट सी३चा घोडा मारतो. पाच गुण देऊन तीन घेतले, म्हणजे तोटाच. पण बी प्याद्यानं हत्ती मारला की पांढऱ्या राजापुढची भिंत फुटते. हे एकदा हाताला कळलं की पोरगं नुसती मोहरी मोजायचं सोडतं. कास्पारॉव्हनं १९९५ला आनंदविरुद्ध अकरावा आणि तेरावा, दोन्ही डाव ड्रॅगन खेळूनच घेतले.

जुना प्यादा: कास्पारॉव्ह घरून तयारी करून आला होता. इथं रविवारच्या स्पर्धेत पांढरा दुसऱ्याच चालीला सी३ खेळतो, ड्रॅगन येतच नाही. महिनाभराचा ड्रॅगन पेटीतच!

हरिपूर रोड: बुद्धिबळवाल्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव हे. भाग्यश्री ठिपसे, स्वाती घाटे या खेळाडू इथल्याच. आणि आपण पोरांना जपून खेळ म्हणायचं?

जुना प्यादा: गावाचं नाव घेऊन जी७चा उंट वाचत नाही, ताई.

कृष्णाकाठ: काल रात्री भडंग खात दोघं बसलो. मी पांढरा. पठ्ठ्यानं हत्ती सी३वर आपटला, तेव्हा त्याचा वजीर घरच्या डी८वरच, दुसरा हत्ती कोपऱ्यात. मी निवांत हत्ती खाल्ला. "का दिलास रे?" तर म्हणे, "व्हिडिओत असंच होतं." तेव्हा दिवाळीपर्यंत ड्रॅगन घरात, स्पर्धेत कारो-कान.

मिरज जंक्शन: घरात तुमच्याशी खेळून? तुम्ही एच४ तरी ढकललं होतं का?

कृष्णाकाठ: नाही ओ. विसरलो.