मदत हवी आहे: शिक्षण परिषदेत ऑनलाइन सुरक्षेसाठी एक तास मिळालाय, शिक्षकांना नेमकं काय सांगू?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पुढच्या शिक्षण परिषदेत 'ऑनलाइन सुरक्षा' हा विषय मी मागून घेतलाय. समोर चाळीसेक शिक्षक असतील.

मागून का घेतला ते सांगते. स्नेहसंमेलनात आमच्या मुलींनी लेझीम केलं. त्याचे फोटो मी शाळेच्या फेसबुक पेजवर टाकले, खाली प्रत्येकीचं नाव आणि वर्ग लिहिला. कौतुकानेच. महिन्याभराने त्यातल्या एकीचा चेहरा कापून घेऊन कुणीतरी तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खातं काढलं आणि गावातल्या पोरांना नको ते मेसेज पाठवायला सुरुवात केली. मुलगी वर्गात गप्प. जवळ बसवून विचारलं तर दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, बोट पांढरं पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी आई आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, हा फोटो शाळेनंच टाकलेला ना?"

त्यानंतर आमच्याकडून जे झालं ते आठवलं की अजून झोप लागत नाही. एका सहकाऱ्याने त्या खात्याचा स्क्रीनशॉट स्टाफच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो पालकांच्या ग्रुपवर गेला. जिला सांभाळायचं, तिचाच फोटो आम्ही घरोघरी पोचवला. मी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावत बसले. मुख्याध्यापक म्हणाले, आधी आपल्या पोरांमध्ये चौकशी करू. यात तीन दिवस गेले. तोवर खात्याचं नाव बदललं आणि लिंक कुणीच उतरवून ठेवली नव्हती. पुढे पोलिसांत गेलो, खातं बंद झालं, मुलगी आता शाळेत येते. पण लेझीमला उभी राहत नाही.

ऑनलाइन प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं माझ्याकडेही आहेत. पासवर्ड कसा ठेवावा हे प्रत्येक वेळी सांगितलं. असा प्रकार कळल्यावर पहिल्या तासात शिक्षकाने काय करायचं, हे एकदाही नाही. कुणी असं सत्र घेतलं असेल तर कृपया सांगा, सुरुवात कुठून करू? आणि फोटो टाकणं बंदच करावं का? पेजमुळे आमचा पट टिकतो, हेही खरं आहे.

प्रतिसाद १

ताई, तुमचीच घटना मुलीची ओळख पूर्ण बदलून समोर ठेवा आणि गटांना विचारा, "आता तुम्ही काय कराल?" मी दोन केंद्रांत असंच घेतलं. बहुतेक जण पहिल्यांदा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो म्हणतात. तिथेच थांबवायचं आणि बोलायचं.

लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ वहीत उतरवायची. फोटोत अश्लील फेरफार असेल तर तो कुणालाही पाठवायचा नाही, कारण अठराच्या आतल्या मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. १९३० पैशांच्या फसवणुकीसाठी. मुलांसाठी १०९८, आणि तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, तिथे महिला आणि मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. तोतया खात्याची तक्रार इन्स्टाग्रामकडे करायला स्वतःचं खातं लागत नाही, हे आईवडिलांना जरूर सांगा.

आणि मुख्याध्यापकांसाठी एक गोष्ट ठासून: प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सोच्या (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. 'आधी आपल्यात चौकशी' हा पर्यायच नाही.

प्रतिसाद २

आम्ही फोटो बंद नाही केले. लांबून घेतलेला, गटाचा, पाठमोरा किंवा नुसत्या हातांचा फोटो टाकतो. रांगोळी काढणारे हात, मातीची भांडी, फळ्यावरचं काम. नाव-वर्ग कधीच नाही. पालक सभेत लेखी संमती घेतली, नाही म्हणणाऱ्यांची यादी पेज सांभाळणाऱ्याकडे असते. जुने फोटो काढायला मात्र एक अख्खा रविवार गेला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रसंगाने सुरुवात करते आणि लेखी संमतीचा नमुना तिथेच सगळ्यांकडून भरून घेते. आमच्या पेजवरची नावं काल रात्री बसून काढली. प्रतिसाद २, तुमचा संमतीपत्राचा मजकूर इथे टाकाल का? शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीच्या बैठकीत तोच ठेवीन म्हणते.