रविवारी ओल्ड कोर्सवर: मंडळाची गोल्फची पहिली भेट

विषय: आपल्यात गोल्फ खेळणारे कोण कोण?

नमस्कार मंडळी,

गुढीपाडव्याला जेवणाच्या रांगेत उभे असताना गप्पांतून कळले, की मंडळात माझ्याशिवाय निदान चौघे तरी गोल्फ खेळतात. दोन वर्षे मी एकटाच बॅग खांद्याला लावून फिरतो आहे. या उन्हाळ्यात एकदा सगळ्यांनी मिळून जाऊ या का?

मी स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात राहतो आणि बहुतेक वेळा ब्रेड हिल्सवर खेळतो. नगरपालिकेचे मैदान आहे, १८८९ पासून सगळ्यांना खुले. चढ बराच आहे आणि वारा सुटला की सरळ मारलेला चेंडूही कुठल्या कुठे जातो. पण वर पोचल्यावर किल्ला, आर्थर्स सीट आणि पलीकडे फोर्थची खाडी एका नजरेत मावते. चेंडू पिवळ्या फुलांच्या गोर्समध्ये गेला तर मात्र सोडून द्यावा. काटे असे आहेत की हात घातला तर कोपरापर्यंत ओरखडे येतात.

एक मनातले सांगतो. गेल्या वर्षी एका खाजगी क्लबात पैसे भरून खेळायला गेलो होतो. जीन्स घातली होती म्हणून पहिल्या टीवरूनच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरूनच, परत पाठवले, तेही रांगेतल्या दहा माणसांसमोर. नियम त्यांचा आणि तो मी आधी वाचायला हवा होता, पण बोलायची रीत फार लागली. त्यानंतर तीन महिने मी काठी हातात घेतली नाही. म्हणून अशी जागा सुचवा जिथे नवा माणूस अवघडणार नाही. आणि सेंट अँड्र्यूजच्या जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स मैदानावर आपल्यासारख्यांना खेळायला मिळते का, हेही कुणीतरी सांगा.

आपला,
एडिंबराकर

*

विषय: पुन्हा: आपल्यात गोल्फ खेळणारे कोण कोण?

प्रिय मित्रा आणि मंडळी,

तुझे पत्र सकाळी चहाबरोबर वाचले आणि चहा निवला तरी उत्तर मनात घोळवत बसलो. सेंट अँड्र्यूज ज्या भागात आहे त्या फाइफमध्ये येऊन मला सव्वीस वर्षे झाली. गोल्फ इथेच शिकलो, तेही चाळिशी उलटल्यावर. त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी ओल्ड कोर्सचे. मिळते, नक्की मिळते. तो कुणा क्लबच्या मालकीचा नाही. जमीन सार्वजनिक आहे आणि तिथली सातही मैदाने एक न्यास सांभाळतो. दोन दिवस आधी नावे द्यायची, किमान दोघांची, जास्तीत जास्त चौघांची. मग सोडत निघते. हँडिकॅपचा, म्हणजे खेळातली पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला लागतो आणि फी चांगलीच जड आहे. मी कितीतरी वेळा नाव टाकले, तीनदा लागले. तिन्ही दिवस मला तासातासाने आठवतात.

पण मंडळाच्या भेटीसाठी सोडतीच्या मागे लागू नका. वीस माणसांचा घोळका सोडतीत बसत नाही. माझे म्हणणे असे, की आपण मुद्दाम रविवारी जाऊ, म्हणजे ओल्ड कोर्स बंद असतो त्या दिवशी!

बंद म्हणजे खेळ बंद. एखाददुसऱ्या मोठ्या स्पर्धेचा रविवार सोडला तर त्या दिवशी ते मैदान गावाची फिरायची जागा असते. लोक कुत्री घेऊन येतात, आजोबा नातवंडांना घेऊन येतात. ज्या स्विल्कन पुलावरून जगातले सगळे मोठे खेळाडू गेले, त्या दगडी पुलावर आपल्या पोरांना उभे करून फोटो काढता येतो. पूल केवढासा, आपल्या गावाकडच्या ओढ्यावरच्या साकवाएवढा. पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे, म्हणजे टीपासून होलकडे जाणारा गवताचा पट्टा, सलग एकच आहे आणि त्याला आडवा छेदून एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो, ग्रॅनी क्लार्क्स विंड नावाचा. खेळ चालू असतानाही लोक तिथून ये-जा करतात आणि खेळाडू थांबतात.

हे मला एवढे का भावते ते सांगतो. मी येरवड्यात वाढलो. कॉलेजची सगळी वर्षे गोल्फ क्लब चौकात बससाठी उभा राहिलो. भिंतीपलीकडे हिरवे काहीतरी आहे एवढे ठाऊक होते. आत पाऊल टाकायचे कधी मनातही आले नाही, कारण ती जागा आपली नव्हेच असे कुणी न सांगताच कळलेले होते. इथे आल्यावर पहिल्याच रविवारी एक शेजारी मला ओल्ड कोर्सवर फिरायला घेऊन गेला. मी काठावरच थबकलो. तो म्हणाला, ‘चल की, गावाचंच आहे.’ त्याच आठवड्यात मी जुन्या बाजारातून तीन काठ्या विकत घेतल्या. पुढे पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतासाठी उतरला, तेव्हा रात्र जागून पाहिले, आणि तो चौकच सारखा डोळ्यांपुढे येत राहिला.

मुलांना एक कोडे घालू या. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडीची आहेत, म्हणजे होलभोवतीच्या एकाच बारीक कापलेल्या हिरवळीवर दोन होल, एक जातानाचा आणि एक येतानाचा. जोडीतल्या होलच्या आकड्यांची बेरीज करा म्हणावे. दुसरा नि सोळावा, तिसरा नि पंधरावा, चौथा नि चौदावा. दरवेळी अठराच येते. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, ११२ आहेत आणि कित्येकांना स्वतःची नावे. चौदाव्या होलवरच्या बंकरचे नाव हेल, म्हणजे नरक. काठावरून डोकावले तरी नाव पटते. ग्रीनवर आणि बंकरमध्ये मात्र कुणी पाय ठेवायचा नाही, हे पोरांना आधीच बजावा.

आता खेळायचे कुठे? हिमालयात.

ओल्ड कोर्सला लागूनच एक पटिंगचे, म्हणजे चेंडू हलक्या हाताने होलात घालवायचे, मैदान आहे, त्याला सगळे हिमालयच म्हणतात. उंचवटे आणि घळी अशा आहेत की पोरगे पलीकडच्या उतारावर गेले तर नुसते केस दिसतात. १८६७ मध्ये बायकांनी क्लब काढला तो या मैदानाचा, आणि आजही तो त्यांचाच आहे. त्या काळी बाईने काठी खांद्याच्या वर उचलणे अशोभनीय समजत, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त पटिंग आले. आणि त्यांनी ते इतके मनापासून वाढवले की आज जगभरचे लोक तिथे रांग लावतात. उन्हाळ्यात क्लबच्या वेळा सोडून ते सर्वांना खुले असते. थोडक्या पौंडांत पटर, म्हणजे पटिंगची काठी, आणि चेंडू हातात मिळतो. दाखला नको, बूट नकोत, जीन्स चालते.

मजा अशी, की होल समोर दिसत असतो आणि नेम भलतीकडेच धरावा लागतो. डावीकडे तीन हात सोडून मारलेला चेंडू उंचवट्याच्या कुशीने वर चढतो, माथ्यावर अगदी थांबल्यासारखा होतो, आणि मग वळून आपला आपण होलकडे उतरायला लागतो. तेवढ्या वेळात तिथे कुणी श्वास घेत नाही. माझ्या पत्नीने आयुष्यात दुसरे कुठलेच गोल्फ खेळलेले नाही, पण हिमालयात ती मला नेहमी हरवते.

ज्यांना पूर्ण अठरा होल खेळायचे आहेत त्यांनी आदल्या दिवशी फाइफच्याच किनाऱ्यावरच्या ईलीला या. पहिल्याच टीसमोर टेकाड असल्याने पुढची माणसे दिसत नाहीत, म्हणून एकेका गटाला सोडणाऱ्या स्टार्टरच्या खोलीत चक्क पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलेला आहे, एक्सकॅलिबर नावाच्या पाणबुडीचा. त्याला डोळा लावून पुढचे चौघे किती लांब गेले ते बघायचे आणि मगच मारायचे. शेजारी नऊ होलचे छोटे मैदानही आहे. नॉर्थ बेरिकचे वेस्ट लिंक्स हे मैदान अप्रतिम आहे, तेराव्या होलवर ग्रीनच्या अगदी पुढ्यात दगडी भिंत आडवी येते, पण पाहुण्यांची फी पाहता ते पुन्हा कधीतरी.

आणि पोरा, त्या क्लबाचे मनावर घेऊ नकोस. इथे माणूस कपड्यांवरून नाही, मैदान मागे कसे सोडतो त्यावरून ओळखतात. काठीने हिरवळीची खपली उडाली तर परत जाऊन ती उचलायची, मुळांकडची बाजू खाली धरून त्याच जागी बसवायची आणि बुटाने दाबायची. मागचे लोक भराभर येत असतील तर हात करून त्यांना पुढे जाऊ द्यायचे. एवढे केलेस की कुणीही हसून बोलेल.

तुमचा,
फाइफचा काका

*

विषय: पुन्हा: पुन्हा: आपल्यात गोल्फ खेळणारे कोण कोण?

काका, नमस्कार.

तुमचे पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. हिमालयाला माझे दोन्ही हात वर! पण बायकांचे गोल्फ म्हटल्यावर एडिंबराजवळचे मसलबरा गाव राहून गेले म्हणून लिहिते.

मी तिथून दहा मिनिटांवर राहते. मसलबराचे जुने लिंक्स घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत आहे, नऊच होल. १६७२ मध्ये तिथे गोल्फ खेळल्याची नोंद सापडते आणि १८७४ ते १८८९ या काळात ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा तिथे सहा वेळा झाली. गोल्फचा होल सव्वाचार इंचांचा असतो ना, त्या मापाचे कापायचे हत्यार १८२९ मध्ये याच गावात वापरात आले.

पण मला ते मैदान जवळचे वाटते ते वेगळ्या कारणाने. माझे माहेर वर्सोव्याचे, आम्ही कोळी. आजी डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीपर्यंत चालत जायची. मसलबराही मासेमारांचे गाव. तिथल्या कोळणी पाठीवर करंडी लावून एडिंबरापर्यंत पायी मासळी विकायला जायच्या, आणि सवड मिळाली की गोल्फ खेळायच्या! तिथल्या क्लबाने १८१० च्या डिसेंबरात ठराव केला, की नववर्षाच्या दिवशी या बायकांची स्पर्धा घ्यायची आणि सगळ्यांत चांगली खेळेल तिला नवी करंडी आणि शाल द्यायची; शिवाय दोन रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. मी हे पहिल्यांदा वाचले त्या दिवशी आईला फोन केला. करंडी बक्षीस मिळाली म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मग देणाऱ्याला धंदा कळत होता.’ नवी करंडी केवढ्याला पडते ते तिला ठाऊक आहे.

म्हणून माझी सूचना अशी: जूनमध्ये हिमालय, आणि ऑगस्टमध्ये फक्त आपल्या बायकांची भेट मसलबराला. तिथे जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्याच्या काठ्या भाड्याने मिळतात. शर्यतीच्या दिवशी मैदान बंद असते, तेवढे वेळापत्रक मी बघते. बक्षीस म्हणून शाल मी देते, पैठणी काठाची.

आणि ज्यांनी काठी कधी धरलीच नाही त्यांच्यासाठी ब्रंट्सफील्ड लिंक्स. एडिंबरात भर वस्तीत, फुकट. होल आखूड आहेत, उन्हाळ्यात छत्तीस असतात. एक वेज (चेंडू उंच उडवायची काठी), एक पटर आणि दोन चेंडू पुरतात. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही लख्ख दिसते, तेव्हा कामावरून सुटून आलात तरी चालेल. मी दर गुरुवारी सात वाजता असते. लेकीला घेऊन येते. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला सोबत हवी आहे.

तुमची,
पोर्टोबेलोची ताई

*

विषय: ठरले: जूनचा दुसरा रविवार

नमस्कार मंडळी,

काका, तुमचे पत्र आले त्याच संध्याकाळी मी ब्रेड हिल्सवर गेलो. खपली बसवून आलो. ताई, या गुरुवारी ब्रंट्सफील्डला मी आहे आणि माझ्या शेजारची दोन मुलेही येतील.

आतापर्यंत अकरा मोठे आणि सहा मुले अशी नावे आली आहेत. जूनचा दुसरा रविवार धरू. रेल्वेने येणाऱ्यांनी एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनावरून सेंट अँड्र्यूजजवळच्या लूकर्सची गाडी घ्यावी, साधारण तासाभराचा प्रवास. लूकर्सहून ९९ क्रमांकाची बस. रविवारी गाड्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा. जाताना उजवीकडची खिडकी धरा. फोर्थचा पूल ओलांडला की बराच वेळ समुद्र सोबत असतो. आधी ओल्ड कोर्सवर फेरी, मग वेस्ट सँड्सच्या वाळूत जेवण, मग हिमालय. त्या दिवशीच्या तिथल्या वेळा मी फोन करून विचारतो.

जेवणाला वाऱ्यात उडणार नाही असे आणा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, घट्ट चटणी. भेळ नको, मागच्या सहलीत अर्धी समुद्राने खाल्ली. एक उबदार कपडा हवाच. ऊन असले तरी पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून धुके चढते, इथे त्याला हार म्हणतात, आणि अर्ध्या तासात हात गारठतात.

शनिवारी ईलीसाठी काका, मी आणि आणखी दोघे. चौघे झालो, जागा भरली. आणखी कुणाला यायचे असेल तर दुसरी चौकडी करू.

एडिंबराकर

*

विषय: पुन्हा: ठरले: जूनचा दुसरा रविवार

नमस्कार. आम्ही डंडीहून चौघे येतो, त्यात माझे वडील, नुकतेच साताऱ्याहून आलेले, वय ७४. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, पण हिमालयाचे ऐकल्यापासून ते रोज विचारतात. ते डावखुरे आहेत. डावखुऱ्यांचा पटर तिथे मिळेल का?

*

विषय: पुन्हा: पुन्हा: ठरले: जूनचा दुसरा रविवार

तिथल्यावर विसंबू नका. माझ्याकडे दोन्ही बाजूंनी मारता येईल असा जुना पितळी पटर आहे, तो घेऊन येतो. बाबांना थेट हिमालयापाशीच आणा. घडीची खुर्ची माझ्या गाडीत असते.

फाइफचा काका